काचेच्या नळीत रक्त गोठलं, म्हणजे पेशंट सेफ का?

प्रश्न: मी एका छोट्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, रात्री लॅब बंद असते. अपघाताचा पेशंट आला की आमचे सर काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त ठेवायला लावतात आणि 20 मिनिटांनी गोठलंय का बघतात. नवीन डॉक्टर म्हणतात ही सापाच्या केसची टेस्ट आहे, इथे उपयोग नाही. कोणाचं खरं?

उत्तर: ताई, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. टेस्ट सापाच्या केसमध्येच जास्त वापरतात, कारण काही विषांमुळे फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन) जवळजवळ संपतं आणि रक्त पाण्यासारखं पातळ राहतं, मग चूक व्हायची शक्यता कमी असते. अपघातात फायब्रिनोजेन कमी होतं पण बहुतेक वेळा इतकं नाही, त्यामुळे आत रक्तस्राव चालू असतानाही नळीत गुठळी होऊ शकते. म्हणजे गोठलं नाही तर लगेच धावपळ करा, पण गोठलं म्हणून निवांत बसू नका, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

नळी मात्र काचेचीच हवी, कोरडी आणि साबणाने न धुतलेली. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत चांगलं रक्तसुद्धा 20 मिनिटांत गोठेलच असं नाही आणि उगाच घाबरायला होतं. साधारण 2 मिली रक्त, सलाईन चालू असलेल्या हातातून नको, मध्ये हलवून बघायचं नाही, 20 मिनिटांनी एकदाच तिरकी करायची.

मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये टेग किंवा रोटेम मशीन असतं, त्यात गुठळी किती घट्ट होतेय ते 5-10 मिनिटांत कळायला लागतं. ते नसेल तर तुमचे डोळे आहेतच की, सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून रक्त झिरपतंय का ते बघत राहा आणि दिसलं की लगेच सरांना सांगा.

आणि या 20 मिनिटांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. 2010 च्या क्रॅश-2 अभ्यासात 20 हजारांहून जास्त जखमी पेशंट होते, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) दिल्याने मृत्यू कमी झाले, पण ते 3 तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, 3 तासांनंतर उलट नुकसान होऊ शकतं. म्हणून पेशंट आला की अपघात किती वाजता झाला हे नातेवाइकांना विचारून केस पेपरवर लिहा आणि अंगावर ब्लँकेट घाला, थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही आणि हे लॅबच्या रिपोर्टमध्येही दिसत नाही कारण तिथे टेस्ट 37 डिग्रीला करतात.