लहानपणी हृदयाच्या छिद्राचं ऑपरेशन झालंय, गाव बीड जिल्ह्यात. बाळंतपण गावाकडं केलं तर चालेल का?

छिद्र पूर्ण बंद असेल आणि फुप्फुसातला रक्तदाब नॉर्मल असेल, तर धोका फार वाढत नाही. पण हे इकोनंच (हृदयाच्या सोनोग्राफीनंच) कळतं, छातीवरच्या व्रणावरून नाही. म्हणून दिवस राहण्याआधीच इको करा. फुप्फुसाचा दाब खूप वाढलेला असेल किंवा ओठ-नखं निळी पडत असतील, तर गर्भधारणा टाळायलाच सांगतात. तिथं आईच्या जिवाचा प्रश्न असतो.

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्के वाढतं, 28 ते 32 आठवड्यांच्या सुमारास हृदयावर ताण सर्वाधिक. त्यात रक्त कमी असेल तर ताण आणखी वाढतो, त्यामुळं लोहाच्या गोळ्या चुकवू नका. 18 ते 22 आठवड्यांत बाळाच्या हृदयाचीही सोनोग्राफी करून घ्या.

सिझेरियनच लागतं असं नाही. बहुतेकींना कळांचं दुखणं कमी करणारं इंजेक्शन देऊन नॉर्मल प्रसूती चालते. खरी काळजी प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस, कारण गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडं परततं. म्हणून अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय आधीच ठरवून ठेवा. आडवं झाल्यावर दम लागला, रात्री खोकला उठला, तर सकाळची वाट बघू नका.