शाळेच्या वेळेत मोबाइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीत शिकतो. आमच्या वाडीपासून शाळा लांब असल्यामुळे तो एसटीने ये-जा करतो. संध्याकाळची गाडी रद्द झाली तर त्याला कळवता यावे, म्हणून आम्ही त्याला मोबाइल दिला आहे. त्याचे वडील मुंबईला नोकरीला असतात. घरी मी आणि सासूबाई दोघीच. आता शाळेने कळवले आहे की, विद्यार्थ्याजवळ मोबाइल सापडल्यास तो जप्त होईल आणि वार्षिक परीक्षेनंतरच परत मिळेल. पालकांनी याला विरोध करावा का? अशा बंदीने अभ्यासात खरोखर फरक पडतो का?
— एक पालक

उत्तर : वर्गात आणि मधल्या सुट्टीत मोबाइल वापरू न देण्याच्या निर्णयाला आपण पाठिंबा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हरकत घ्यायची ती जप्तीच्या अटीवर घ्यावी. पालकांच्या पैशाने घेतलेली आणि प्रवासात गरजेची असलेली वस्तू कित्येक महिने अडकवून ठेवणे ही शिक्षा मुलापेक्षा घराला अधिक भोगावी लागते.

फरक पडतो का, याचे उत्तर सरळ ‘हो’ असे देता येत नाही. इंग्लंडमधील 91 शाळांच्या निकालांचा जो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बंदीनंतर गुण वाढल्याचे दिसले. परंतु ही वाढ प्रामुख्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांची होती, हुशार मुलांच्या गुणांत विशेष बदल झाला नव्हता. स्वीडनमध्ये त्याच पद्धतीने पडताळणी झाली तेव्हा मात्र असा परिणाम आढळला नाही. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, कारण ज्या मुलाला घरी शिकवणारे कोणी नाही आणि शिकवणीही नाही, त्याच्यासाठी वर्गातला तास हाच खरा अभ्यास असतो. तो तास हातातून गेला, तर भरून काढायला त्याच्याजवळ दुसरे साधन नसते. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण मागच्या बाकावरचा मुलगा टक्केवारीत दिसत नाही, आणि या नियमाचा लाभ झाला तर तो आधी त्यालाच होणार आहे.

आता आपल्या अडचणीकडे येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या प्रकरणात, शाळेत मोबाइल आणण्यावर सरसकट बंदी घालणे इष्ट नाही, वापरावर नियंत्रण ठेवावे आणि शक्य तेथे मोबाइल जमा करून ठेवण्याची सोय करावी, असे म्हटले आहे. हा निकाल महाराष्ट्रातील शाळांवर बंधनकारक नसला तरी पालक सभेत मांडण्याजोगा निश्चित आहे. व्यवस्था फार खर्चाची नाही. गावातल्या सुताराकडून हजेरी क्रमांकांच्या कप्प्यांचे, कुलूप लागणारे एक लाकडी कपाट करून घ्यावे. प्रार्थनेपूर्वी मुलांनी मोबाइल बंद करून आपापल्या कप्प्यात ठेवावा, वर्गशिक्षकांनी वहीत नोंद करावी आणि शाळा सुटल्यावर सही घेऊन तो परत द्यावा. पावसाळ्यात मुले थांब्यापासून चिंब भिजून येतात, म्हणून मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीतच जमा करण्याची सवय त्यांना लावावी. हे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत असावे. वर्गात ठेवले तर मुलांचे लक्ष तिकडेच राहते.

मोबाइल काढून घेतल्यावर निरोपाची जबाबदारी शाळेवर येते, आणि हे कलम आपण लेखी मागून घ्यावे. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरते, वाटेतले पऱ्हे दुथडी भरून वाहू लागतात आणि मुलांना भर दुपारी घरी सोडण्याची वेळ येते. अशा दिवशी कोणत्या वाडीत कोणाला फोन करायचा, याची यादी कार्यालयातील फोनजवळ लावलेली असावी, आणि आपल्या वाडीत रेंज मिळत नसेल तर रेंज असलेल्या शेजाऱ्यांचा क्रमांकही त्या यादीत असावा. गाडी रद्द झाल्याचे आगारातून कळताच ते मुलांना सांगण्याचे काम एका शिक्षकाकडे सोपवलेले असावे.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. बर्मिंगहॅम विद्यापीठाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळेतील बंदीमुळे मुलांचा मोबाइलवरचा एकूण वेळ कमी झाल्याचे किंवा मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले नाही. शाळेत वाचलेला वेळ संध्याकाळी वसूल केला जातो, आणि तेथे शाळेचा नियम पोहोचत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. आपल्याकडे वाडीची बैठक हे सहज करू शकते. वडिलांचा मुंबईहून येणारा फोन त्या वेळेनंतर यावा, एवढे त्यांना सांगून ठेवावे लागेल.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांना मोबाइलबंदी आहे, परंतु शिक्षक वर्गात मोबाइल वापरतात आणि गृहपाठही व्हॉट्सॲपवर पाठवतात. मुले नेमके यावरच बोट ठेवतात. त्यांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, देवगड

उत्तर : मुलांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते बरोबर असल्याचे त्यांना सांगावे. शालेय पोषण आहाराची रोजची माहिती ॲपवर भरावी लागते, त्यामुळे शिक्षकांचा मोबाइल शाळेबाहेर ठेवता येणार नाही. परंतु हे काम कार्यालयात बसून करता येते. तासाला जाताना मोबाइल कार्यालयात ठेवण्याचा ठराव शिक्षकांनी आपणहून करावा.

गृहपाठाचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली मुले 57 टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. गृहपाठ पाहण्याच्या निमित्ताने हातात आलेला मोबाइल कोठे जातो, ते यावरून कळते. शिवाय घरातला एकच मोबाइल वडिलांबरोबर होडीवर किंवा बागेत गेलेला असेल, तर त्या मुलाला गृहपाठ रात्रीपर्यंत समजतच नाही. गृहपाठ फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. गटावर फक्त पालकांसाठीच्या सूचना ठेवाव्यात.