पोरगी शिकायला पाठवली होती, आम्हाला शिकवायला नव्हे

प्रश्न : बाई, नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातला, भोगावतीकाठचा शेतकरी. दीड एकर ऊस, दोन म्हशी. थोरली पोरगी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते, दुसरं वर्ष. पाठवताना ठरलं होतं की डिग्री घ्यायची, बँकेची परीक्षा द्यायची आणि नोकरीला लागायचं. आता म्हणते, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणार. मागच्या खेपेला दोन दिवस आली ती काचेच्या बाटल्या घेऊन. नदीवर बसून पाण्यात कसले थेंब टाकते, गाव बघत उभं राहतं. वर जेवताना मला म्हणते, ‘आबा, युरिया निम्मा करा.’ पोरगी शिकायला पाठवली होती, आम्हाला शिकवायला नव्हे. तिच्याच वयाचा पुतण्या शिरोलीत फौंड्रीत लागला, दर महिन्याला घरात पैसे देतो. कॉलेजनं पोरीच्या डोक्यात भलतंच भरवलं का? तिसरं वर्ष झालं की थांबवून लग्नाचं बघावं, असं घरात चाललंय.

उत्तर : दादा, आधी त्या थेंबांचं सांगते. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पोरगी नदीवर काय करत होती ते मला घरबसल्या दिसतंय. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली काठोकाठ भरावी लागते, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. मग दोन रसायनं तिथंच काठावर घालायची, कारण पाणी लॅबमध्ये नेईपर्यंत आकडा बदलतो. ऑक्सिजन असला तर खाली तपकिरी साका बसतो, नसला तर साका पांढराच राहतो. गावाला थेंब दिसले. तिला त्या बाटलीत दिसतं ते हे, की या पाण्यात मासा जगेल का.

आता सांगा, हे कॉलेजनं भरवलं म्हणायचं का? भोगावती काही तिनं कॉलेजात पाहिली नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि तुमची भोगावती एक होऊन पंचगंगा होते. पावसाळ्यात सारं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ चा आणि २०२१ चा पूर तिनं जाणत्या वयात पाहिलाय. नदीचं वेड तुमच्याच घरचं. या वेडाचा अभ्यास होतो, त्यावर पोट भरणारी माणसं असतात, एवढंच तिला कोल्हापुरात कळलं. गावात राहून ते कळलं नसतं, आणि याच्यासाठीच तर तुम्ही पैसे भरताय.

पालकांना वाटतं, कॉलेज म्हणजे वर्ग. मी बरीच वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टरही होते, माझं मत निराळं आहे. शाहूवाडीची पोर आणि शिरोळची पोर एका खोलीत आल्या की पहिले पंधरा दिवस भाजीत तिखट किती यावरून भांडतात. मग एकीला कळतं की दुसरीच्या गावात पाणी शिरलं की आठवडाभर हलत नाही. दुसरीला कळतं की पहिलीची एस.टी. दिवसातून दोनदाच येते. एक सी.ए.चा फॉर्म भरते, तो बघून दुसरी विचारते, हे काय असतं? मी पाहिलेल्या कितीतरी मुलींचं आयुष्य या ‘हे काय असतं’नं वळलं. शाहू महाराजांना हे फार आधी उमगलं होतं. नुसती फी माफ करून भागत नाही, पोराला शहरात राहायला जागा लागते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाल तेव्हा जरा मान वर करून बघा, त्यातली काही वसतिगृहं तिथंच आहेत. कुंभोजचे भाऊराव पाटील असेच कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं.

अर्थात कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं असं नाही. हजेरीपुरतं वर्गात बसायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडायचं आणि तीन वर्षांनी होतं तसंच घरी यायचं, अशी पोरं मी ढिगानं पाहिलीत. त्यांचे आईबाप मला पत्र लिहीत नाहीत. पोरगं बदललं नाही, तक्रार कसली!

पैशाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं. तीन वर्षांवर पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि मग एम.एस्सी. एका वर्षाची. तीनवर थांबली तर एम.एस्सी. दोन वर्षांची. म्हणजे कुठूनही गेलं तरी दोनच वर्षं जास्त. बँक कुठं पळून जात नाही. क्लार्कच्या परीक्षेला २८ पर्यंत बसता येतं, अधिकाऱ्याच्या ३० पर्यंत. तेव्हा तिला समोर बसवा आणि विचारा : फी किती, सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कोणती शिष्यवृत्ती बसते, विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’त नाव लागेल का, नोकरी कुठं? साखर कारखान्यांना सांडपाण्याची माणसं लागतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथं काम करणाऱ्या एकातरी माणसाला भेटून यायला सांगा, पगार विचारून. येत नसेल तर समजा, अजून नुसती हौस आहे.

पुतण्याला नावं ठेवू नका आणि तिलाही ठेवू देऊ नका. चार इंग्रजी शब्द आले की घामाचं काम करणारा भाऊ कमी वाटायला लागतो, हा कॉलेजचा जुना रोग आहे. तिथं कान धरा, खुशाल.

युरियाचं भांडण तर सोपं आहे. ऊस तुटला की खत टाकायच्या आधी तिलाच रानात पाठवा. रानात ठिकठिकाणी फूटभर खोल व्हीसारखा खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ती माती परीक्षणाला द्या. निम्मा की पाऊण ते अहवालावर ठरू द्या.

लग्नाचं मला विचारलंत, तिला विचारलंत का?

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो. कॉलेजला जाणं जमत नाही. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथली पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. अडचण पदवीची नाही, सोबतीची आहे. एकट्यानं वाचलं की आपलं चुकतंय कुठं ते सांगायला कुणी नसतं. अभ्यास केंद्रावरचे तास बुडवू नका, आणि तिथं भेटलेल्या दोघा-तिघांना धरून आठवड्यातून एकदा आपटे वाचन मंदिरात बसत जा. पाळी सुटल्यावर आधी झोप काढा, मग जा.