‘ले मिझराब्ल’ सिनेमातलं गाणं समीक्षकांना खटकलं, प्रेक्षकांना भावलं. बरोबर कोण?

तुमचा प्रश्न मला असा समजला: दिग्दर्शक टॉम हूपरचा २०१२ सालचा ‘ले मिझराब्ल’, त्याच नावाच्या संगीत नाटकावरचा सिनेमा, पाहताना तुम्ही रडलात, मग परीक्षणं वाचलीत तर त्यांत रसेल क्रोच्या गाण्याची टिंगल आणि ह्यू जॅकमनबद्दल नाकं मुरडलेली. आता तुम्हाला शंका येतेय की आपल्याला सुरातलं काही कळतच नाही की काय.

मी समीक्षक नाही आणि गायक तर मुळीच नाही. हौशी संगीत नाटकांना बरीच वर्षं पेटीची साथ करतोय, तेवढ्या भांडवलावर हे लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. समीक्षक एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या, असं हे भांडण नव्हतंच. अ‍ॅन हॅथवेच्या गाण्यापुढे कडक समीक्षकही विरघळले होते. आणि क्रोवर तुटून पडणाऱ्यांत असंख्य साधे प्रेक्षक होते, ज्यांना मूळ नाटकाची गाणी तोंडपाठ आहेत. १९९५ च्या लंडनमधल्या नाटकाच्या दशकपूर्ती मैफलीत फिलिप क्वास्टनं गायलेला जाव्हेर, म्हणजे सिनेमात क्रोनं केलेला पोलीस अधिकारी, ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना क्रो पचणं कठीणच. अ‍ॅडम लॅम्बर्ट या गायकानं तर ट्विटरवर लिहिलं होतं की हे उत्तम अभिनेते गायक असल्याचा आव आणताहेत. गंमत म्हणजे क्रोनं ते बऱ्यापैकी मान्य केलं. गाणं गोड करून घेता आलं असतं, पण दिग्दर्शकाला ते कच्चंच हवं होतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. तेव्हा फूट पडली ती नाटक कानात घेऊन थिएटरात गेलेल्यांत आणि कोरा कान घेऊन गेलेल्यांत.

आता मुद्द्याचं. संगीतपटात सहसा गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात आणि सेटवर नट त्यावर ओठ हलवतात. हूपरनं हे उलटं केलं. नट कॅमेऱ्यापुढे खरंच गायले. कानात बारीकसं यंत्र, त्यात इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतोय, आणि पियानोवाला सेटबाहेर बसून नट जसा जाईल तसा मागून जातोय. कपड्यांवर लावलेले माइक नंतर संगणकावर चित्रातून पुसले. सत्तरेक वादकांचा वाद्यवृंद त्या गाण्यावर मागाहून चढवला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो, कारण तो पियानोवाला म्हणजे मीच! नटाला पद म्हणताना हुंदका आला की थांबायचं, त्यानं ओळ ओढली की स्वर धरून ठेवायचा, तो घाईला आला की पळायचं. आमच्याकडे याचं कोणाला अप्रूप नाही, पण हॉलिवुडात ती बातमी झाली.

या पद्धतीचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, याचा हिशेब मांडला की तुमचं कोडं बरंचसं सुटतं. हॅथवेचं ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ घ्या. नाटकात फॅन्टीन, म्हणजे हॅथवेचं पात्र, हे गाणं कारखान्यातून हाकलल्यावर लगेच म्हणते. सिनेमात ते पुढे सरकवलंय. केस विकून झालेत, दात गेलेत, शरीरही विकून झालंय, आणि मग गाणं. कॅमेरा तोंडासमोरून हलत नाही, मधे कट नाही. ती काही ओळी जवळजवळ बोलते, श्वास मोडतो, लय वाटेल तिथे सैल सोडते. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर हे जमणं अवघड, कारण रडू कुठे फुटणार हे तीन महिने आधी ठरवावं लागलं असतं. तिला ऑस्कर मिळालं. ध्वनिमिश्रणाचं ऑस्करही याच सिनेमाला मिळालं, हे टिंगल करणारे सोयीस्कर विसरतात.

आता क्रो. जाव्हेर हा घड्याळासारखा माणूस आहे. कायदा म्हणजे कायदा, त्याला शंका नाही. त्याचं ‘स्टार्स’ तसंच बांधलंय, लांब ओळी आणि ठाम चाल. इथे लय सैल सोडण्याची मुभा काही कामाची नाही. इथे लागतो दमसास आणि छातीतून येणारा भरीव आवाज. क्रो एकेकाळी रॉक बँडमध्ये गायचा. त्याचा आवाज बेसूर नाही, पातळ आहे, थोडा नाकातला. वाद्यवृंद मागाहून चढवल्यावर तो आणखीच एकटा पडतो. या बाबतीत माझा कौल समीक्षकांना.

पण एक गोष्ट त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली नाही असं मला वाटतं. सुरुवातीला बिशपकडून चांदी मिळाल्यावर व्हालजाँ, म्हणजे जॅकमनचा कैदेतून सुटलेला नायक, जे स्वगत गातो, तीच चाल शेवटी पुलावर जाव्हेरच्या तोंडी येते. चाल एकच, पण एक माणूस तिच्यातून नवा जन्म घेऊन बाहेर पडतो आणि दुसरा नदीत उडी टाकतो. जॅकमन ती ओढतो, तोडतो, थुंकतो. क्रो ती मोजून मापून गातो. ही दोन्ही स्वगतं लागोपाठ ऐका. क्रोचं कोरडेपण तिथे मला खटकत नाही, उलट भीती वाटते. मात्र हे त्यानं ठरवून केलं की त्याला तेवढंच येत होतं, याबद्दल पैज लावणार नाही.

जॅकमनचं उलटं. तो रंगभूमीवर मुरलेला गायक आहे, त्याच्या क्षमतेबद्दल वाद नाही. पण ‘ब्रिंग हिम होम’ ही प्रार्थना आहे. लंडनच्या मूळ नाटकातला व्हालजाँ, कॉल्म विल्किन्सन, याच्या आवाजासाठी लिहिलेली, वरच्या पट्टीत अगदी हलक्या आवाजात तरंगणारी. जॅकमन ती ताकदीनं म्हणतो आणि प्रार्थनेची मागणी होते. हाच विल्किन्सन सिनेमात बिशप झालाय. त्याच्या दोन ओळी कानावर पडल्या की काय हुकलंय ते बरोबर कळतं.

हे वाचून समीक्षकांचा कान नेहमीच खरा असंही समजू नका. मूळ इंग्रजी नाटक ऑक्टोबर १९८५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये उघडलं तेव्हा तिथल्या समीक्षकांनी त्याला झोडपलं होतं. लोक तिकीट खिडकीवर येतच राहिले आणि नाटक लंडनमध्ये आजही चालू आहे. आणि इंग्रजी गीतं ज्यानं लिहिली तो हर्बर्ट क्रेट्झमर स्वतः वर्तमानपत्रांत समीक्षा लिहिणारा होता! सिनेमाचंही तेच झालं. परीक्षणं संमिश्र आली, पण अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत ‘ए’ श्रेणी दिली आणि जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर धंदा झाला.

आपल्या मराठी कानांचा यात एक वेगळाच घोळ आहे. पडद्यावर एक माणूस आणि गळा दुसऱ्याचा, यात आपल्याला काही गैर वाटत नाही. ‘कट्यार’च्या सिनेमात सुबोध भावे दिसतो आणि महेश काळे ऐकू येतो, कोण तक्रार करतो? हॉलिवुडला मात्र याची लाज वाटत आली आहे. ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली, तर त्यावरून केवढा गहजब झाला. संगीत नाटकात आपली सोय आणखी निराळी होती. ‘एकच प्याला’त पदं म्हणायला सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते, आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर गाजला तो गद्यावर. गळा नसलेल्या थोर नटाला गद्याचा आसरा होता. ‘ले मिझराब्ल’मध्ये तो आसरा नाही, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्य गायचं आहे. क्रोसारख्या नटाला तिथे लपायला कोपराच नाही.

परीक्षणं वाचून मन खट्टू झालं असेल तर एक प्रयोग करा. एपोनीन झालेली समांथा बार्क्स ही भूमिका सिनेमाआधीच रंगमंचावर गात होती. २०१० मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात झालेल्या पंचविसाव्या वर्षाच्या मैफलीत तिनं ‘ऑन माय ओन’ गायलंय. ते ऐका, आणि मग सिनेमातलं, पावसात भिजत म्हटलेलं. गाणं तेच आणि गळाही तोच. मैफलीत ती शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकते, सिनेमात शेजारी कोणी झोपलंय असं गाते. मैफलीतलं मी पेटीवर बसवून पाहिलं, ते बसतं. सिनेमातलं बसवायला गेलो तर मात्रा कुठे धरायची तेच कळेना, दर दोन ओळींनी माझी बोटं तिच्या पुढे निघून जात होती.