ढगातल्या जंगलात पहिल्यांदा जाताना

नुसत्या रेनकोटच्या भरवशावर राहू नकोस. डोंगरावरच्या, सतत ढगात बुडालेल्या या जंगलात पाऊस थांबला तरी झाडं गळतच असतात. फांद्यांवरचं शेवाळ ढगातलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे भिजणार तू हमखास. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांध आणि मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला हात लावू नकोस, कितीही मोह झाला तरी. सुती कपडे, जीन्स घरीच. दर 100 मीटर चढाईला हवा साधारण 0.6 अंशाने गार होते. त्यात ओलं सुती अंगाला चिकटलं की हुडहुडी भरते.

पाय मुळांवर नको, मुळांच्या मध्ये टाक. साल निघालेलं मूळ म्हणजे ओला साबण. माझं मनगट तिथेच मोडलं. जळू ओढू नकोस, नखाने कडेने सरकव. ओढा गढूळ होऊन फुगायला लागला, तर अलीकडच्या काठावरच थांब.