वाचकांचे प्रश्न : ‘सेट’ या शब्दाला इतके अर्थ आले कुठून?

प्रश्न : मुलीला इंग्रजी शिकवताना ‘सेट’ या शब्दाशी अडलो. सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होते, प्रश्नपत्रिका सेट करतात, शिवाय टेनिसचा सेट आणि चहाच्या कपांचा सेट वेगळाच. इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ याच शब्दाला आहेत, असे म्हणतात. ते खरे आहे का? आणि हे सारे अर्थ पाठ कसे करून घ्यावेत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बरीच वर्षे ते खरे होते. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेले होते आणि त्या एका नोंदीचा मजकूर सुमारे 60,000 शब्दांचा होता. पुढे या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने आणि 2011 साली 645 अर्थांसह ‘रन’ने हा मान पटकावला. या आकड्यांनी फार दिपून जाऊ नये. त्यांत कालबाह्य झालेले अर्थ येतात आणि क्रियापदापुढे अव्यय जोडून झालेले प्रयोगही येतात. शिवाय दोन जवळच्या छटांना एकच अर्थ मानायचे की दोन, हा निर्णय अखेर कोशकाराचा असतो.

अर्थ इतके वाढले कसे, हे पाहण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते, आणि तेथे मराठी माणसाला ओळखीचेच काही भेटते. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीतील ‘सित्तन’ आणि ‘सेत्तन’ यांचे नाते आपल्या ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ यांच्यासारखेच आहे. त्यामुळे कोशातील निम्मे अवघड वाटणारे अर्थ मराठीतून सरळ उलगडतात. सोनार अंगठीत खडा बसवतो, हाडवैद्य सरकलेले हाड बसवतो, आणि या दोन्ही ठिकाणी इंग्रजी ‘सेट’च वापरते. ‘बसवणे’ या क्रियेत वस्तूला तिच्या जागी नेऊन स्थिर करणे एवढाच गाभा असतो. बाकीचा अर्थ कर्म पुरवते. म्हणूनच आपणही गणपती बसवतो, नाटक बसवतो, कवळी बसवतो, आणि त्यासाठी कोणी वेगवेगळे अर्थ पाठ केलेले नसतात.

जेथे ‘बसवणे’ पुरत नाही, तेथे मराठीने ते काम इतर क्रियापदांकडे सोपवले आहे. गजर, सापळा, आग आणि दही ही सारी मराठीत लावली जातात, ताटे मात्र मांडली जातात. इंग्रजीला या पाचही ठिकाणी एकटे ‘सेट’ चालते. यावरून इंग्रजी गोंधळाची आणि मराठी नेटकी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातील ‘लागणे’ ही नोंद उघडून पाहावी. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वाट लागते. मराठी शिकू पाहणाऱ्या परभाषकाची अवस्था आपल्या मुलीहून निराळी नसणार.

सूर्याचा प्रयोगही याच मुळातला आहे. जुन्या इंग्रजीत मावळतीला ‘सेत्लगांग’, म्हणजे आसनाकडे जाणे, असा शब्द होता. सूर्य बुडत नसे, आपल्या बैठकीवर जात असे. सिमेंट किंवा जेली सेट होते, तेव्हाही हालचाल थांबून वस्तू एका रूपात स्थिर होते, हीच कल्पना असते.

चहाच्या कपांचा सेट मात्र मुळात परका. संच या अर्थाचे नाम जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचा उगम लॅटिनमधील ‘सेक्ता’ या शब्दात आहे, ज्यातून पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ निघाला. दिसायला सारखे असल्यामुळे हे नाम आणि ते क्रियापद इंग्रजीत एकमेकांत इतके मिसळले, की आज काही प्रयोगांचे मूळ नेमके कोणते हे कोशकारांनाही वेगळे काढता येत नाही. गेओर्ग कांटोर या गणितज्ञाने ज्याला जर्मनमध्ये ‘मेंगे’ म्हटले, त्यालाही इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचाच ‘संच’ झाला.

तेव्हा पाठांतर करून घेऊ नये. शब्द कर्मासह शिकवावा : अलार्म सेट करणे, अट सेट करणे, कथा अमुक काळात सेट असणे. अव्यय जोडलेले प्रयोग मात्र स्वतंत्र शब्द समजूनच शिकवावे लागतात, कारण तेथे मूळ अर्थ फार मदत करत नाही. ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणे हे कळते, पण वरच्या न्यायालयाने निकाल ‘सेट असाइड’ केला, तर तो रद्दबातल झालेला असतो.

प्रश्न : ‘भाचा पुण्यात सेट झाला’ आणि ‘त्याने सेटिंग लावले’ ही वाक्ये इंग्रजीत तशीच चालतील का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. पहिल्या ठिकाणी इंग्रजीला ‘सेटल’ हे क्रियापद हवे. माणसाला नुसते ‘सेट’ म्हटले, तर तो निघायला सज्ज आहे, असा अर्थ होऊ शकतो. दुसऱ्या वाक्यातील आतून संधान बांधण्याची छटा ही आपल्याकडची भर आहे. इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणजे यंत्राची जुळणी, कथेची पार्श्वभूमी किंवा दागिन्यातील कोंदण. लबाडीचे काम ते ‘फिक्सिंग’कडे सोपवतात. प्राध्यापकपदासाठी महाराष्ट्र आणि गोव्यात घेतली जाणारी ‘सेट’ परीक्षा मात्र यांपैकी कशातच बसत नाही, कारण ती नुसती आद्याक्षरे आहेत.