इंजिनिअरिंगच्या सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) 91 पर्सेंटाइल आहे, मुलाला मेकॅनिकल हवंय, वडिलांना कम्प्युटर. ऑप्शन फॉर्म कसा भरू?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: ओपन कॅटेगरी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, घरात रोज रात्री भांडण, आणि मुलगा दोन दिवस धड जेवलेला नाही. ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी. त्याचं आधी सांगतो, कारण निम्मं भांडण फॉर्म कसा चालतो ते नीट माहीत नसल्यामुळे होतं.

91 पर्सेंटाइल म्हणजे 91 टक्के गुण नव्हेत. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला चार लाखांच्या वर मुलं बसतात, त्यातली साधारण 9 टक्के त्याच्या पुढे आहेत, म्हणजे छत्तीस-अडतीस हजार. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय अशा नामांकित कॉलेजांचं कम्प्युटर ओपनला 99च्या वर बंद होतं. तेव्हा वडिलांच्या मनात जर तेच असेल, तर वाद मेकॅनिकल की कम्प्युटर हा नाहीच; मधल्या कॉलेजातलं कम्प्युटर की जरा बऱ्या कॉलेजातलं मेकॅनिकल, हा आहे. त्याला उत्तर कट-ऑफच्या (कुठली जागा किती पर्सेंटाइलला बंद झाली त्याच्या) पीडीएफमध्ये मिळतं.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून गेल्या वर्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या राउंडची (जागावाटपाच्या फेरीची) कट-ऑफ यादी उतरवून घ्या. त्यात ‘जीओपीईएनएस’, ‘जीओपीईएनएच’, ‘एलओपीईएनएस’ असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठ-क्षेत्रातले), ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले. मुलाने जी-ओपनचेच रकाने बघायचे. शेजारचा ‘एल’चा आकडा बघून ‘इथे तर लागतंय’ म्हणणारी घरं दरवर्षी फसतात. आणि पर्सेंटाइलपेक्षा मेरिट क्रमांक जुळवा, यादीत दोन्ही छापलेले असतात.

आता क्रम. जागावाटप मेरिट क्रमाने होतं. मुलाची पाळी आली की संगणक त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथे पहिली रिकामी जागा सापडेल ती देतो. वरचे दहा पर्याय हुकले म्हणून अकराव्याची संधी तसूभरही कमी होत नाही. ‘पहिला पर्याय अवघड टाकला तर फुकट जातो’ हे सायबर कॅफेतलं ज्ञान आहे. क्रम फक्त आवडीचा लावायचा. कट-ऑफ बघायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवायला.

खरा सापळा ऑटो-फ्रीझचा. 2025च्या नियमांत पहिल्या राउंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी एखादा लागला, की जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या राउंडला जाता येत नव्हतं. यंदाच्या माहिती पुस्तिकेत हे आकडे तपासाच. त्यामुळे भीतीपोटी ‘सेफ’ कॉलेज वर टाकलं, तर ते पहिल्याच झटक्यात गळ्यात पडतं. वरचे सहा असे हवेत की कुठलाही लागला तरी मुलगा बॅग भरून जाईल.

फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय देता येतात. माझ्या मते 91ला चाळीस-पन्नास पुरे: गेल्या वर्षी 93 ते 97ला बंद झालेले दहा-बारा, 87 ते 93चे पंचवीस, आणि 80च्या आसपासचे दहा. शेवटच्या दहांकडे कंटाळून दुर्लक्ष होतं, आणि नेमकं तिथेच ‘काहीच लागलं नाही’ होतं. प्रत्येक कॉलेज-शाखेचा चॉइस कोड वेगळा असतो. शेवटी ‘टी’ असलेला कोड टीएफडब्ल्यूएसचा (शुल्कमाफी योजनेचा): शिकवणी शुल्क माफ, पण डेव्हलपमेंट फी भरावी लागते, आणि कट-ऑफ बराच वर असतो. उत्पन्न बसतंय तर साध्या कोडच्या लगेच वर तोही टाका.

पैशांचं एक. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतला आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. मॅनेजमेंट कोट्यात ते नाही. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) अटींत बसत असाल तर तहसीलचा दाखला आजच मागायला टाका, मुदतीत नसला की सरळ ओपनमध्ये धरतात.

दुसऱ्या राउंडला बेटरमेंट (हातातली जागा ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढे जाणं) घेतलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरचा पर्याय लागला की हातातली जागा आपोआप सुटते. त्यामुळे त्या वेळी यादीत वर तेवढेच ठेवा जे हातातल्यापेक्षा खरोखर बरे वाटतात. ‘बघू तरी’ म्हणून एकही नको.

घरातल्या भांडणाला मी सुचवेन ती वाटणी अशी. पहिली यादी मुलगा एकटा करेल, कागदावर, पेन्सिलने. वडिलांना दोन बाबतींत नकाराधिकार: वर्षाचा एकूण खर्च (फी, हॉस्टेल, मेस धरून) एका आकड्याच्या वर नको, आणि घरापासून किती लांब चालेल. शाखेवर नकाराधिकार नाही, मत जरूर सांगावं. वडिलांना फारच वाटत असेल तर मुलाने सातव्या क्रमांकाच्या खाली कम्प्युटरचे चार-पाच पर्याय घालावेत, तेही तिथे शिकायची त्याची तयारी असेल तर. बोलणं रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, घड्याळ लावून. ताटावर बसल्यावर कट-ऑफचा विषय बंद. जेवण तुटण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. आत्या-मावशांच्या फोनला एकच वाक्य: ‘फॉर्म भरणं चालू आहे, लागलं की कळवतो.’ आणि हे वाक्य तुम्ही बोलायचं, मुलाने नव्हे.

पण भूक गेलीये, रात्रभर जागा, दार लावून बसतो असं दिसलं, किंवा ‘माझ्यामुळेच सगळं’, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर फॉर्म बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, आणि ‘मरायचं मनात येतं का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतः लावलात तरी चालतं.

फॉर्म शक्यतो घरच्या संगणकावर भरा, पासवर्ड मुलाकडेच राहू द्या. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कन्फर्म करा, प्रिंट काढा, आणि पेन्सिलीच्या यादीशी एकेक कोड मोठ्याने वाचून ताडून बघा. वाचायचं काम वडिलांकडे द्या.